पस्तीस फुटांची कमान : ‘मकलन विरुद्ध कोकली’ खटल्याचा प्रकरण अभ्यास

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २६ जून २०१४ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्याचा एक कायदा रद्द केला. गर्भपाताची सेवा देणाऱ्या दवाखान्यांच्या दारापासून ३५ फुटांच्या आत, सार्वजनिक पदपथावरसुद्धा, कोणालाही थांबण्यास या कायद्याने मनाई केली होती. नऊही न्यायाधीशांचे कायदा टिकत नाही याबद्दल एकमत होते, आणि गर्भपातासारख्या विषयावर असे एकमत दुर्मीळ असल्यामुळे निकालाच्या बातम्यांत तेवढीच गोष्ट ठळकपणे आली. प्रत्यक्षात या एकमताखाली तीन वेगवेगळी मते होती आणि त्यांतील मतभेद लहान नव्हते. हा निकाल बारकाईने वाचल्यावर माझे असे मत झाले आहे की राज्याचा हेतू वाईट ठरला म्हणून राज्य हरले नाही. कमी जाचक उपाय आधी करून पाहिले आणि ते अपुरे पडले, हे दाखवणारा पुरावा त्याच्याकडे नव्हता, म्हणून ते हरले. हा पुरावा का नव्हता आणि तो मागताना न्यायालयाच्या नजरेतून काय निसटले, हे या प्रकरणाचे खरे अभ्यासविषय आहेत.

पार्श्वभूमी रक्तरंजित आहे. ३० डिसेंबर १९९४ रोजी बोस्टनला लागून असलेल्या ब्रुकलाइन गावात एका बंदूकधाऱ्याने एकामागून एक अशा दोन दवाखान्यांत शिरून गोळीबार केला. दोन्ही ठिकाणी स्वागतकक्षात काम करणारी प्रत्येकी एक स्त्री मारली गेली आणि आणखी पाच जण जखमी झाले. त्याच वर्षी मे महिन्यात, देशभर चाललेल्या दवाखाना-बंद आंदोलनांना आळा घालण्यासाठी, बळाने, धमकीने किंवा वाट अडवून दवाखान्यात जाणाऱ्यांना रोखणे हा केंद्रीय गुन्हा ठरवणारा कायदा झाला होता आणि तो ‘फेस’ या संक्षिप्त नावाने ओळखला जातो. मॅसॅच्युसेट्समधील दवाखान्यांच्या दारांशी त्यानंतरही गर्दी, ढकलाढकली आणि आरडाओरडा होत राहिला. म्हणून २००० साली राज्याने स्वतःचा कायदा केला. दारापासून १८ फुटांच्या टापूत, समोरच्या व्यक्तीच्या संमतीशिवाय, पत्रक देण्यासाठी किंवा समजावण्यासाठी तिच्या सहा फुटांपेक्षा जवळ जाऊ नये, असे त्याचे स्वरूप होते. कोलोरॅडो राज्याचा अशाच धर्तीचा, १०० फुटांच्या टापूत आठ फुटांचे अंतर राखायला लावणारा कायदा सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ‘हिल विरुद्ध कोलोरॅडो’ या खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी वैध ठरवला होता, त्यामुळे मॅसॅच्युसेट्सचे पाऊल त्या वेळी कायदेशीरदृष्ट्या सुरक्षित होते.

अडचण अंमलबजावणीत आली. कोणी ‘जवळ गेले’ की नुसते उभे होते, समोरच्या बाईने मान हलवली ती होकारार्थी की टाळण्यासाठी, हे भर गर्दीत पोलिसाने कसे ठरवायचे? शिवाय सहा फुटांचा नियम जवळ जाण्याला लागू होता, थांबून राहण्याला नव्हता, त्यामुळे दाराच्या तोंडाशी दाटी करून उभे राहणाऱ्यांवर त्याचा काही इलाज चालत नव्हता. पोलीस आणि राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरल मार्था कोकली यांनी विधिमंडळासमोर या अडचणी मांडल्या आणि २००७ साली कायद्यात दुरुस्ती झाली. आता कोण काय बोलते, कोणाची संमती आहे, हे पाहण्याची गरजच उरली नाही. दवाखाना उघडा असण्याच्या वेळेत, दार किंवा वाहनमार्गापासून ३५ फुटांच्या आत पदपथावर जाणूनबुजून थांबणे हाच गुन्हा झाला. पहिल्या गुन्ह्याला ५०० डॉलरपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि पुढच्या गुन्ह्यांना अडीच वर्षांपर्यंत कैद. त्यातून चार प्रकारच्या लोकांना वगळले होते : दवाखान्यात येणारे-जाणारे, आपले काम करणारे दवाखान्याचे कर्मचारी व प्रतिनिधी, पोलीस, रुग्णवाहिका, बांधकाम इत्यादी सेवांची माणसे, आणि केवळ पुढे कुठेतरी जाण्यासाठी त्या पदपथावरून चालणारे.

हे ३५ फूट जमिनीवर कसे दिसत होते, ते बोस्टनमधील प्लॅन्ड पेरेंटहूड या गर्भपाताची सेवा देणाऱ्या संस्थेच्या दवाखान्यापुढे पाहावे. दार पदपथापासून सुमारे १२ फूट आत, एका उघड्या ओसरीसारख्या जागेत आहे. पदपथावर रंगाने एक कमान काढलेली होती आणि बाजूला सूचनाफलक होता. ती कमान पदपथावर एका बाजूला २३ फूट आणि दुसऱ्या बाजूला २६ फूट जात होती. मधली ओसरीची रुंदी सात फूट. रस्त्याच्या दिशेने ती कडेच्या दगडाच्या जेमतेम एक फूट अलीकडे थांबत होती. म्हणजे दवाखान्यासमोरचा एकूण ५६ फुटांचा पदपथ विरोधकांना बंद होता. वूस्टर आणि स्प्रिंगफिल्ड या दुसऱ्या दोन शहरांत इमारती रस्त्यापासून आत आहेत, बहुतेक स्त्रिया मोटारीतून थेट आवारात जातात, आणि वाहनमार्गाच्या तोंडाशी मोटार क्षणभर मंदावते तेवढीच बोलण्याची संधी असे. तीही कमानीच्या आत गेली.

याचिका करणाऱ्यांत आरडाओरडा करणारे कोणी नव्हते, ही गोष्ट या खटल्याच्या गाभ्याशी आहे. मुख्य याचिकाकर्त्या एलेनॉर मकलन या सत्तरी ओलांडलेल्या बाई होत्या. त्या आणि त्यांचे सहकारी स्वतःला निदर्शक म्हणवत नव्हते, समुपदेशक म्हणवत होते. आत जाणाऱ्या स्त्रीला ‘सुप्रभात’ म्हणावे, पत्रक घ्याल का असे विचारावे, काही मदत हवी असल्यास मी आहे असे सांगावे, आणि तिने थांबायची तयारी दाखवली तर गर्भपाताला पर्याय काय आहेत ते शांतपणे बोलावे, अशी त्यांची रीत न्यायालयापुढे मांडली गेली. गर्भपाताचा हक्क मानणाऱ्या वाचकाला (आणि मी तो मानतो) या समुपदेशकांचा उद्देश पटणार नाही, पण दुसऱ्याशी समोरासमोर, खालच्या आवाजात बोलणे हे अभिव्यक्तीचे सर्वांत जुने आणि सर्वांत सभ्य रूप आहे, हे नाकारणे कठीण आहे.

कमानीने त्याच रूपावर घाव घातला. बोस्टनच्या गजबजलेल्या पदपथावर दवाखान्यात जाणारी कोण आणि पलीकडच्या दुकानाकडे जाणारी कोण, हे ओळखू येईपर्यंत ती स्त्री कमानीत शिरलेली असे. कमानीबाहेर बोलणे सुरू झालेच, तर रंगाची रेषा आली की वाक्य अर्धवट सोडून जागीच थबकावे लागे, आणि असे अचानक थबकणारे माणूस ऐकणाऱ्याला संशयास्पद वाटे. उरला एकच मार्ग : बाहेरून आवाज चढवून सांगणे. एका याचिकाकर्तीने सांगितले की दुरुस्तीपूर्वीच्या वर्षांत तिचे सुमारे शंभर संवाद सफल झाले होते, दुरुस्तीनंतर एकही नाही. मुख्य याचिकाकर्त्या मात्र २००७ नंतरही सुमारे ८० स्त्रियांचे मन वळवल्याचे सांगत होत्या, आणि तरीही पूर्वीपेक्षा फारच कमी जणींपर्यंत पोहोचता येते अशी त्यांची तक्रार होती. राज्याने या ८० च्या आकड्यावर बोट ठेवले. न्यायालयाला ते पुरेसे वाटले नाही. गोंगाट करणाऱ्याला ३५ फूट मागे सरकवले तर त्याचे फारसे बिघडत नाही, त्याचा फलक आणि त्याची घोषणा तिथूनही पोहोचते. हळू बोलणाऱ्याचे सगळेच जाते. गोंगाटासाठी केलेल्या कायद्याचा सर्वाधिक भार गोंगाट न करणाऱ्यांवर पडला, ही या प्रकरणातील सर्वांत बोलकी गोष्ट आहे.

खालच्या न्यायालयांनी कायदा वैध मानला होता. सर्वोच्च न्यायालयात १५ जानेवारी २०१४ रोजी युक्तिवाद झाला आणि मुख्य निकाल सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी लिहिला. त्यांच्याबरोबर गिन्सबर्ग, ब्रायर, सोटोमायोर आणि केगन हे चौघे होते, म्हणजे गर्भपाताच्या हक्काच्या बाजूने सातत्याने उभे राहणारे सगळे न्यायाधीश. या निकालाचे दोन भाग आहेत आणि पहिल्या भागात राज्य जिंकले.

पहिला प्रश्न असा होता की हा कायदा विशिष्ट आशयाच्या बोलण्याला लक्ष्य करतो का. तसे असते तर त्याला सर्वांत कठोर कसोटी लागली असती आणि तिथे फार थोडे कायदे तग धरतात. फक्त गर्भपाताच्याच दवाखान्यांपुढे ही बंदी आहे, मग ती गर्भपातविरोधी बोलण्यावरच नाही का, असा याचिकाकर्त्यांचा सवाल होता. रॉबर्ट्स यांनी उत्तर दिले की गुन्हा होतो की नाही हे माणूस काय बोलतो यावरून ठरत नाही, तो कुठे उभा आहे यावरून ठरते. एक शब्दही न बोलता कमानीत थांबले तरी गुन्हाच आहे. विधिमंडळाने समस्या जिथे दिसली तिथे उपाय केला, एवढ्यावरून कायदा पक्षपाती होत नाही. कर्मचाऱ्यांना दिलेली सूट पक्षपाती आहे हेही त्यांनी मानले नाही, कारण दारापुढचे बर्फ उपसणाऱ्या माणसालाही आत यावेच लागते, आणि स्त्रियांना दारापर्यंत सोबत करणारे स्वयंसेवक तिथे गर्भपाताचा प्रचार करतात असा पुरावा समोर नव्हता.

न्या. अँटोनिन स्कॅलिया यांना हे अजिबात मान्य नव्हते. केनेडी आणि थॉमस यांच्या सहमतीने त्यांनी स्वतंत्र मत लिहिले आणि गर्भपाताच्या विरोधकांसाठी हे न्यायालय भाषणस्वातंत्र्याची वेगळी, आखूड आवृत्ती वापरते, असा आरोप केला. न्या. सॅम्युएल अलिटो यांनी आपल्या वेगळ्या मतात एक साधा प्रसंग कल्पिला : कमानीत उभी असलेली दवाखान्याची कर्मचारी ‘हा दवाखाना सुरक्षित आहे’ असे म्हणू शकते, पण विरोधकाने तिथेच उभे राहून ‘इथला सुरक्षिततेचा इतिहास चांगला नाही’ असे म्हटले तर तो गुन्हेगार. हा दाखला बिनतोड आहे असे मला वाटते. तो कायद्यातील एका सवलतीची चूक दाखवतो, त्यामुळे दाराशी मोकळी जागा ठेवण्याची कल्पनाच बाद ठरत नाही, हेही तितकेच खरे.

दुसऱ्या भागात राज्य हरले. आशयाबाबत तटस्थ असलेला कायदासुद्धा, ज्या उद्देशासाठी केला आहे त्याला गरजेपेक्षा बराच अधिक बोलण्याचा बळी देत असेल, तर तो टिकत नाही. इथे मराठी वाचकाने एक फरक ध्यानात घ्यावा. आपल्या संविधानात अनुच्छेद १९(१)(अ) ने अभिव्यक्तीचा हक्क दिला आणि लगेच १९(२) ने सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता अशा कारणांसाठी वाजवी निर्बंधांची सोयही लिहून ठेवली. अमेरिकेच्या पहिल्या घटनादुरुस्तीत असा अपवाद लिहिलेला नाही, त्यामुळे निर्बंधाची प्रत्येक मोजपट्टी तिथे न्यायालयाला खटल्यागणिक घडवावी लागली आहे. रॉबर्ट्स यांनी या खटल्यात ती मोजपट्टी अधिक कडक केली. निवडलेला मार्ग सोपा आहे एवढे सांगून सरकारला भागणार नाही, कमी जाचक मार्ग अपुरे पडतील हे त्याने दाखवून दिले पाहिजे. पदपथावर रेषा आखणे अंमलबजावणीला सोयीचे आहे, पण प्रशासनाची सोय हे पहिल्या घटनादुरुस्तीचे मुख्य प्रयोजन नाही, असे त्यांनी लिहिले.

मग पुरावा तपासला गेला, आणि तो राज्याच्या विरोधात बोलू लागला. गर्दीची खरी समस्या एका शहरात, एका दवाखान्यापुढे, शनिवारी सकाळी होत होती, तरी कमानी मात्र राज्यातील सगळ्या दवाखान्यांपुढे, आठवडाभर. वाट अडवण्याविरुद्ध राज्याचा कायदा आधीपासून होता, केंद्राचा ‘फेस’ होता, पण किमान १७ वर्षांत त्यांखाली एकही खटला भरल्याचे राज्याला दाखवता आले नाही. विशिष्ट उपद्रवी व्यक्तींविरुद्ध मनाई हुकूम मिळवल्याचे दाखले होते, तेही नव्वदच्या दशकातले. २००० च्या नियमाखाली बोस्टनच्या दवाखान्यापुढे झालेल्या अटका पाचेकच्या वर नव्हत्या, असे पोलीस कॅप्टननेच आपल्या साक्षीत सांगितले होते. न्यायालयाने पर्यायही सुचवले : वाट अडवणाऱ्यांवर प्रत्यक्ष खटले भरा, न्यूयॉर्क शहराप्रमाणे दवाखान्याच्या आवारापासून १५ फुटांच्या आत पाठलाग करून छळणे हा गुन्हा करा, वारंवार त्रास देणाऱ्यांविरुद्ध मनाई हुकूम मिळवा, गर्दीने वाट अडली तर तिला पांगवण्याचा अधिकार पोलिसांना द्या.

कायद्याच्या चौकटीत हा तर्क मला योग्य वाटतो. सतरा वर्षे हातातला कायदा न वापरता एकदम सर्वांना सरसकट हद्दपार करणाऱ्या सरकारला जाब विचारलाच पाहिजे, कारण हेच हत्यार उद्या संपावर बसलेल्या कामगारांविरुद्ध आणि कारखान्याच्या फाटकापुढे पत्रके वाटणाऱ्यांविरुद्ध चालेल. पण निकालाच्या मांडणीत एक पोकळी आहे, आणि तिची चर्चा व्हायला हवी तितकी होत नाही. राज्याने कायद्याचा उद्देश म्हणून सांगितले ते सुरक्षितता आणि मोकळी वाट. नको असलेले बोलणे कानावर पडल्याने स्त्रीला होणारा त्रास हा उद्देश म्हणून मांडणे राज्याला शक्यच नव्हते, कारण तसे म्हणताच कायदा बोलण्याच्या परिणामाला, म्हणजे आशयाला, लक्ष्य करणारा ठरला असता आणि पहिल्याच टप्प्यावर बाद झाला असता. परिणामी जिच्यासाठी हा सगळा खटाटोप होता, तिच्या अनुभवाचा सर्वांत मोठा भाग न्यायालयात उच्चारताच आला नाही. तिची वाट कोणी अंगाने अडवली का, एवढेच मोजले गेले. ठरलेल्या वेळेला उपचारासाठी निघालेल्या, कदाचित घरात कोणालाही न सांगता आलेल्या स्त्रीला, अनोळखी माणसाने दारात गाठून तिच्या अत्यंत खाजगी निर्णयाविषयी बोलू पाहणे, ते कितीही मृदू आवाजात का असेना, तिच्या बाजूने कसे असते, याला त्या निकालात जागा नाही.

इतर देशांत ही जागा मिळाली आहे. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने (हेच तिथले सर्वोच्च न्यायालय) एप्रिल २०१९ मध्ये व्हिक्टोरिया आणि टास्मानिया या राज्यांचे १५० मीटरच्या सुरक्षित टापूंचे कायदे वैध ठरवताना स्त्रियांची प्रतिष्ठा आणि खाजगीपणा यांचे रक्षण हा उद्देश उघडपणे मान्य केला. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ डिसेंबर २०२२ रोजी उत्तर आयर्लंडच्या विधेयकाबाबत एकमताने तसाच कौल दिला. तिथे युरोपीय मानवी हक्क करारातील खाजगीपणाचा हक्क आणि अभिव्यक्तीचा हक्क एकाच तराजूत ठेवता येतात, त्यामुळे दवाखान्यात जाणारी स्त्री स्वतःच्या हक्कासह खटल्यात हजर असते. इंग्लंड आणि वेल्समध्ये ३१ ऑक्टोबर २०२४ पासून १५० मीटरचे टापू लागू झाले. ३५ फूट म्हणजे ११ मीटरही भरत नाहीत, हे लक्षात घेतले की दोन पद्धतींतील दरी समजते. मात्र त्या व्यवस्थेलाही किंमत आहे. टापूत निःशब्द प्रार्थना करत उभ्या राहिलेल्या लोकांवर इंग्लंडमध्ये खटले झाले आहेत, आणि माणूस मनात काय म्हणत होता याची चौकशी फौजदारी न्यायालयात व्हावी, हे मला धोक्याचे वाटते.

मॅसॅच्युसेट्सने निकालानंतर वेळ दवडला नाही. ३० जुलै २०१४ रोजी गव्हर्नर डेव्हल पॅट्रिक यांनी नव्या कायद्यावर सही केली. आता एक किंवा अधिक व्यक्तींनी प्रवेशाला भरीव अडथळा आणला, तर पोलीस त्यांना लेखी हुकूम देऊन दारापासून किमान २५ फूट मागे हटवू शकतात, आणि तो हुकूम आठ तास किंवा त्या दिवशी दवाखाना बंद होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर, चालतो. न्यायालयाने सुचवलेल्या पर्यायांतूनच हे घडवलेले आहे. कागदावर हे नेमके बसते, पण त्यात क्रम उलटला आहे : आधी अडथळा घडला पाहिजे, मग पोलीस आला पाहिजे, मग हुकूम. ज्या स्त्रीची वाट अडली, तिच्यासाठी त्या सकाळी हुकूम उशिराच येतो. मेन राज्यातील पोर्टलंड शहराने तर आपला ३९ फुटांचा टापू त्याच महिन्यात रद्द केला. पिट्सबर्गचा १५ फुटांचा टापू मात्र वाचला, कारण शांतपणे एकेकट्याशी केलेले बोलणे त्या नियमात येतच नाही, असा अर्थ लावून २०१९ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो टिकवला.

२०१४ च्या निकालाचा सगळा भार एका गृहीतकावर आहे : असलेले कायदे वापरले जातील. जून २०२२ मध्ये ‘डॉब्ज’ निकालाने गर्भपाताचा घटनात्मक हक्कच काढून घेतला, अनेक राज्यांतील दवाखाने बंद पडले, आणि बंदी असलेल्या राज्यांच्या सीमेजवळच्या शहरांत रुग्ण आणि निदर्शक दोघांचीही वर्दळ वाढली. २३ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी दवाखान्यांची वाट अडवल्याबद्दल दोषी ठरलेल्या २३ जणांना माफी दिली, आणि लगोलग केंद्रीय न्याय विभागाने ठरवले की गर्भपाताशी संबंधित ‘फेस’ खटले यापुढे केवळ असाधारण परिस्थितीतच भरले जातील. रॉबर्ट्स यांनी राज्याला ज्या हत्याराकडे बोट दाखवले होते, ते म्यानात गेले. राज्यांचे स्वतःचे कायदे उरले आहेत, पण ते वापरायचे तर प्रत्येक तक्रार, प्रत्येक अटक, प्रत्येक फसलेला खटला यांची नोंद हवी, नाहीतर पुढच्या कमानीचीही गत तीच होईल.

इलिनॉय राज्याच्या दक्षिण टोकाला असलेले कार्बनडेल हे असेच एक सीमेजवळचे गाव. ‘डॉब्ज’नंतर तिथे दवाखाने उघडले, २०२३ मध्ये गावाने कोलोरॅडोच्या धर्तीवर आठ फुटांचा नियम केला, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयाकडे जाण्याच्या सुमारास २०२४ मध्ये तो स्वतःहून मागे घेतला. २४ फेब्रुवारी २०२५ रोजी न्यायालयाने हा खटला ऐकण्यास नकार दिला. थॉमस आणि अलिटो यांनी तो ऐकायला हवा होता असे नोंदवले, आणि ‘हिल’ निकालाचा पाया आता उरलेला नाही, असे थॉमस यांनी सविस्तर लिहिले. त्यामुळे आज अमेरिकेत आठ फुटांच्या नियमाला मान्यता देणारा २००० चा निकाल आणि ३५ फुटांची कमान पुसणारा २०१४ चा निकाल हे दोन्ही एकाच वेळी कायदा म्हणून उभे आहेत, आणि दवाखान्यासाठी नियम लिहू पाहणाऱ्या प्रत्येक नगरपालिकेच्या वकिलाला त्या दोहोंच्या मधली जागा स्वतः मोजावी लागते.